खोडातले पाणी मोजणारा सॅप फ्लो सेन्सर : मोसंबीच्या बागेतील एका वर्षाचा अनुभव

मोसंबीच्या मोठ्या झाडाला दिवसाला किती पाणी लागते, या प्रश्नाचे उत्तर आमच्या जालना जिल्ह्यात बांधागणिक बदलते. कोणी साठ लिटर सांगतो, कोणी शंभर, आणि २०१२-१३ च्या दुष्काळात टँकरच्या पाण्यावर बाग जगवलेला माणूस वीस लिटरवरही झाड तगते असे छातीठोकपणे सांगतो. हे सगळे आकडे आपण दिलेल्या पाण्याचे असतात; झाडाने त्यातले किती घेतले, हे कोणालाच ठाऊक नसते. तेवढे तरी कळावे म्हणून आम्ही तीन शेजारी बागायतदारांनी मिळून गेल्या वर्षी जूनमध्ये एक सॅप फ्लो मीटर, म्हणजे खोडातून वर चढणाऱ्या पाण्याचा वेग मोजणारे यंत्र, विकत घेतले. किंमत एका चांगल्या दुचाकीपेक्षा बरीच जास्त पडली, त्यामुळे एकट्याने घेण्याचा विचार आमच्यापैकी कोणीच केला नव्हता. यंत्र परदेशी बनावटीचे आहे. उत्पादकाचे आणि पुरवठादाराचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण पुढे सांगितलेल्या बहुतेक अडचणी या पद्धतीच्या कोणत्याही यंत्राला लागू पडतात आणि उरलेल्या एका माणसाच्या एका दिवसाच्या कामापुरत्या आहेत.

खोक्यात हाताच्या तळव्याएवढा एक बंदिस्त डबा, त्याला वायरीने जोडलेल्या ३५ मिमी लांबीच्या तीन सुया, छिद्रे पाडण्यासाठी लोखंडी साचा, अगदी बारीक ड्रिलची तीन पाती, छोटे सौर पॅनेल आणि एक माहितीपुस्तिका एवढे सामान होते. तीन सुयांपैकी मधली सुई तापते. तिच्या बरोबर ५ मिमी वर आणि ५ मिमी खाली असलेल्या सुयांमध्ये तापमान मोजणारी थर्मोकपले असतात, आणि तीही प्रत्येक सुईत दोन ठिकाणी, एक सालीलगतच्या लाकडात आणि एक थोडे आत. दर दहा मिनिटांनी मधली सुई काही सेकंदांपुरती तापते. लाकडातले पाणी स्थिर असेल तर ती ऊब वर आणि खाली सारखीच पसरते, पाणी वर चढत असेल तर वरची सुई जास्त तापते. हा तापण्यातला फरक जेमतेम एखाद्या अंशाचा असतो, परंतु दोन्ही सुयांच्या तापण्याचे गुणोत्तर उष्णता सोडल्यानंतरच्या ६० ते १०० सेकंदांत मोजले की त्यावरून वेग काढता येतो. आमच्या यंत्राच्या मापांनुसार वरची सुई खालच्या सुईच्या दीडपट तापली तर उष्णतेचा वेग तासाला ७.३ सेंमी येतो आणि दुप्पट तापली तर साडेबारा सेंमी. या पद्धतीला उष्णता-गुणोत्तर पद्धत म्हणतात आणि तिची आजची मांडणी बर्जेस व सहकाऱ्यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केली. उष्णतेच्या साहाय्याने झाडातले पाणी मोजण्याची कल्पना मात्र त्याहून बरीच जुनी, जर्मनीतल्या ब्रुनो हूबर यांची, १९३२ सालची आहे.

येथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, कारण यंत्र पाहायला आलेल्या प्रत्येकाने ती विचारली. झाडाच्या आत कसलाही पंप नसतो. पानांवरच्या रंध्रांतून पाणी वाफ होऊन बाहेर पडते आणि त्याच्या मागोमाग जलवाहिन्यांतला पाण्याचा अखंड धागा मुळांपासून वर ओढला जातो. डिक्सन आणि जोली यांनी १८९४ मध्ये मांडलेले हे स्पष्टीकरण आजही मान्य आहे. आपल्या जगदीशचंद्र बोस यांनी १९२० च्या दशकात झाडातील जिवंत पेशींच्या स्पंदनाने पाणी चढते असा पक्ष मांडला होता, तो पुढे टिकला नाही. तरीही दर दहा मिनिटांनी पडद्यावर उमटणारा तो आकडा पाहताना बोस यांना नाडीची उपमा का सुचली असेल, हे मला प्रथमच नीट उमगले.

आता यंत्राच्या बसवणुकीकडे वळतो, कारण या परीक्षणाचा अर्धा भार त्यावरच आहे. विक्रीच्या वेळी आम्हाला सांगण्यात आले होते की तीन छिद्रे पाडायची, सुया घालायच्या आणि यंत्र सुरू करायचे. पुरवठादाराकडून आलेल्या तरुणाने नेमके तेवढेच केले आणि पाऊण तासात तो गाडीत बसला. त्याने निवडलेली जागा कलमाच्या जोडाच्या अगदी वर, म्हणजे रंगपूर लिंबाचा खुंट आणि मोसंबीचा डोळा जिथे एकजीव झालेला असतो त्या फुगवट्याला लागून होती. तिथे लाकडाचे धागे सरळ नसतात, वळलेले असतात, आणि पाणी धाग्यांच्या दिशेनेच चालते. शिवाय खोडावर पावसाळ्याआधी लावलेल्या बोर्डो पेस्टचा, म्हणजे मोरचूद आणि चुन्याच्या बुरशीनाशक लेपाचा, निळसर थर त्याने खरवडलाही नव्हता. त्यातूनच ड्रिल घातले होते.

चूक आमच्या लक्षात आली ती पहाटे. जुलैतली झड लागलेली होती, तीन दिवस सूर्यदर्शन नव्हते, जमीन गच्च भिजलेली आणि पाने ओलीचिंब. अशा रात्री चार वाजता झाडातून पाणी चढण्याचे काही कारणच उरत नाही. आमचे यंत्र मात्र त्या वेळीही तासाला २.३ सेंमी एवढा वेग दाखवत होते, आणि रात्रभर तोच आकडा. माहितीपुस्तिका उलगडून हिशेब केला तेव्हा कळले की सुई आतल्या टोकाला अर्धा मिलिमीटर जरी तिरपी गेली, तरी तासाला एक सेंमीहून थोडा जास्त खोटा वेग कायमचा चिकटतो. एक मिलिमीटर गेली तर अडीच सेंमी. म्हणजे आमची एक सुई जवळजवळ एक मिलिमीटर वाकडी गेली होती. ही चूक आकड्यातून वजा करता येते, आणि पावसाळ्यातली अशी शांत, ओली पहाट त्या वजाबाकीसाठी सर्वांत चांगली वेळ असते. परंतु जागाच चुकीची असल्यामुळे आम्ही सुया काढून दुसऱ्यांदा बसवण्याचे ठरवले.

दुसरी बसवणूक माझा धाकटा भाऊ आणि मी अशी दोघांनी केली आणि तिला पूर्ण सकाळ गेली. जोडापासून एक वीत वर, पहिल्या फांदीच्या बऱ्याच खाली, गाठ किंवा जुनी जखम नसलेली उत्तरेकडची बाजू निवडली. उत्तर अशासाठी की तिथे दुपारचे ऊन खोडावर थेट पडत नाही आणि उन्हाने तापलेली साल मोजणीत लुडबुड करत नाही. बोर्डो पेस्टचा थर नारळाच्या काथ्याने घासून काढला, सालीची जाडी एका बारीक खिळ्याने मोजली, ती पाच मिमी भरली. मोसंबीच्या खोडाला भोक पाडायचे म्हणजे डिंक्याला (खोडातून डिंक गळण्याच्या रोगाला) निमंत्रण, ही भीती आम्हाला होतीच, म्हणून ड्रिलचे पाते प्रत्येक छिद्राआधी स्पिरिटमध्ये बुडवले. साचा खोडाला घट्ट बांधल्याशिवाय ड्रिल हातात घ्यायचे नाही, हा सगळ्यांत महत्त्वाचा नियम. दुसरा नियम असा की पाते एका दमात आत ढकलायचे नाही. पाच-सात मिमी आत जायचे, बाहेर काढायचे, ओला भुसा पुसायचा, पुन्हा आत जायचे. ताज्या लाकडाचा भुसा पात्याच्या खाचांत कणकेसारखा चिकटून बसतो, पाते तापते, लाकूड आतून भाजते, आणि भाजलेल्या लाकडातून पाणी जात नाही. हा नियम मी स्वतः तिसऱ्या छिद्राच्या वेळी घाईत मोडला आणि पात्याचे टोक आतच तुटले. ते टोक आजही त्या झाडात आहे. आम्ही साचा दोन इंच बाजूला सरकवून पुन्हा तिन्ही छिद्रे पाडली. नवे पाते तालुक्याच्या गावी मिळाले नाही, शेवटी छत्रपती संभाजीनगरहून मागवावे लागले.

सुयांना थोडे व्हॅसलिन लावून त्या हळूहळू आत सरकवल्या, म्हणजे सुई आणि लाकूड यांत हवेची पोकळी उरत नाही. वरून फोमचा तुकडा, त्यावर चमकदार ॲल्युमिनियमचे आवरण आणि पाणी झिरपू नये म्हणून वरच्या कडेला सिलिकॉनची एक रेघ, असा बंदोबस्त केला. आजूबाजूच्या खरवडलेल्या सालीला पुन्हा बोर्डो पेस्ट लावली. पुढच्या पहाटे शून्याच्या जागी ०.४ सेंमी आकडा आला. एवढा फरक वजा करून पुढे जाण्यासारखा आहे. हे सगळे पाहत बाजूला उभ्या असलेल्या वडिलांचा अभिप्राय एका वाक्यात होता : "झाडाला विचारायला टोचायचं कशाला, पानं सांगतात की." त्यांचे म्हणणे किती खरे, याचा हिशेब पुढे येईल.

यंत्राच्या घड्याळाबद्दलही सांगितले पाहिजे. पहिल्या आठवड्याची नोंद संगणकावर उघडली तेव्हा मध्यरात्रीनंतर एकच्या सुमारास प्रवाह सुरू होतो, सकाळी सातला शिखरावर जातो आणि दुपारी एकलाच मावळतो असे चित्र दिसले. आम्ही दिवसभर त्यावर तर्क लढवले. रात्रपाळीच्या विजेमुळे आपण रात्री पाणी सोडतो म्हणून झाडाला तशी सवय लागली असावी, इथपर्यंत एकाची मजल गेली. संध्याकाळी भावाच्या लक्षात आले की यंत्रावरची वेळ ग्रिनिचची आहे आणि आलेख साडेपाच तास पुढे सरकवला की सूर्योदयाबरोबर चढणारा, दुपारी टेकणारा आणि दिवेलागणीला उतरणारा अगदी शहाणा आलेख समोर येतो. वेळ बदलण्याची सोय सॉफ्टवेअरच्या चौथ्या पडद्यावर आहे, पुस्तिकेत तिचा उल्लेख नाही.

वेगावरून लिटर काढण्याचा भाग मात्र सोपा नाही, आणि या यंत्राच्या जाहिरातींत तो जितक्या सहजतेने दाखवला जातो तितकीच माझी त्यावर नाराजी आहे. पहिली गोष्ट, उष्णतेचा वेग आणि पाण्याचा वेग सारखे नसतात. लाकडाची घनता आणि त्यातला ओलावा यांवर ते नाते ठरते. सॉफ्टवेअरमध्ये लाकडातून उष्णता पसरण्याचा एक ठरीव आकडा आधीच भरलेला असतो आणि बहुतेक लोक तोच ठेवतात. आम्ही कृषी महाविद्यालयातल्या ओळखीच्या प्राध्यापकांकडून गाभा काढण्याचे हत्यार मिळवले, शेजारच्या निरोगी झाडातून पेन्सिलीएवढा लाकडाचा नमुना काढला, सोनाराच्या काट्यावर त्याचे वजन केले, पाण्यात बुडवून आकारमान घेतले आणि महाविद्यालयाच्या भट्टीत दोन दिवस वाळवून पुन्हा वजन केले. दुसरी गोष्ट, सुईभोवतीचे लाकूड जखमेमुळे निकामी होते, त्यामुळे मोजलेला वेग दीड ते दोन पटीच्या दरम्यान वाढवून घ्यावा लागतो. या दोन्ही दुरुस्त्या केल्यावर ऑक्टोबरच्या एका स्वच्छ दुपारी, जेव्हा वरच्या-खालच्या सुयांचे गुणोत्तर दोनच्या आसपास होते, तेव्हा सालीलगत पाण्याचा प्रवाह दर चौरस सेंमीमागे तासाला १४ घन सेंमी आला आणि आतल्या बिंदूवर ९.

तिसरी गोष्ट सर्वांत अडचणीची आहे. आमच्या झाडाचा घेर साडेछप्पन सेंमी. साल वगळता लाकडाचा व्यास १७ सेंमी. बाहेरच्या दोन सेंमी जाडीच्या कड्याचे क्षेत्रफळ ९४ चौरस सेंमी आणि त्याच्या आतल्या दोन सेंमीच्या कड्याचे ६९. त्यांतून तासाला १.९ लिटर पाणी जात होते. उरलेला मधला गाभा ६४ चौरस सेंमीचा आहे आणि तिथे सुई पोहोचतच नाही. त्यातून काहीच पाणी जात नाही असे धरले तर उत्तर १.९ लिटर, आतल्या कड्याइतकेच जाते असे धरले तर अडीच लिटर. एकाच झाडाच्या एकाच तासाच्या उत्तरात एवढे अंतर पडते, आणि तेही फक्त उत्तर बाजूवर विसंबून. दक्षिणेकडच्या बाजूला वेगळा प्रवाह असू शकतो, विशेषतः ठिबकच्या नळ्या एकाच अंगाला असतील तर. त्यामुळे "तुमचे झाड आज १६.४ लिटर पाणी प्याले" असे दशांशासह सांगणारा मोबाइलवरचा पडदा मी आता बघतच नाही. बागेतल्या शेकडो झाडांच्या वतीने एका झाडाने लिटरमध्ये साक्ष देणे मला पटत नाही.

असे असूनही मी हे यंत्र परत केले नाही, आणि त्याचे कारण आहे ताण. ज्यांचा मोसंबीशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. आंबिया बहार, म्हणजे थंडीच्या शेवटी येणारा फुलोरा, धरायचा तर फळे उतरल्यानंतर, थंडीच्या सुरुवातीला बागेचे पाणी तोडतात. झाड उपाशी राहते, पाने मलूल होऊन फिकट पडतात, साधारण चौथा हिस्सा पाने गळली की ताण पुरेसा बसला असे समजून आधी हलके आंबवणीचे आणि काही दिवसांनी भरपूर चिंबवणीचे पाणी देतात, आणि झाड फुलावर येते. ताण कमी बसला तर फुले विरळ, जास्त बसला तर फांद्या वाळतात. हलक्या जमिनीत हे गणित काही आठवड्यांत सुटते. आमच्यासारख्या भारी काळ्या जमिनीत ओल खोलवर टिकून राहते आणि ताण बसता बसत नाही. या संपूर्ण काळात बागायतदाराकडे अंदाजासाठी फक्त पानांचा रंग असतो, आणि पान बोलते ते उशिरा.

आम्ही डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पाणी तोडले. पहिले दहा-बारा दिवस आलेखात काहीच घडले नाही, पाने तर हिरवीगार होती. त्यानंतर शिखराची उंची उतरू लागली, परंतु त्याहून आधी बदलले ते शिखराचे वेळापत्रक. एरवी साडेबाराच्या सुमारास येणारे शिखर अकराला, मग साडेदहाला, मग दहालाच येऊ लागले. झाड सकाळच्या गारव्यात मिळेल तेवढे पाणी ओढून घेत होते आणि ऊन तापायच्या आत पर्णरंध्रे मिटून बसत होते. पानांवर फिकटपणा दिसायच्या आठवडाभर आधी हा बदल आम्हाला यंत्रावर दिसला. लिटरचा हिशेब चुकला तरी हा बदल चुकत नाही, कारण तो झाडाची तुलना त्याच झाडाच्या कालच्या दिवसाशी करतो. अर्थात इथेही एक सावधगिरी हवी : ताणाच्या काळात लाकडाचा ओलावाच कमी होतो आणि त्यामुळे उष्णता पसरण्याचा तो ठरीव आकडाही हलतो. म्हणून शिखर नेमके किती टक्क्यांनी उतरले यावर मी भर देणार नाही; ते कधी येते आणि दुपारनंतर किती लवकर कोसळते, एवढेच पाहावे.

डिसेंबरअखेर अवकाळी पाऊस आला. आमच्या पर्जन्यमापकात १२ मिमी भरला. गावात दोन दिवस हीच चर्चा होती की ताण मोडला, आता पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. आमच्या आलेखावर दुसऱ्या दिवशी शिखर थोडे वर गेले, तिसऱ्या दिवशी तेवढेच राहिले आणि पाचव्या दिवशी पुन्हा जुन्या पातळीवर उतरले, म्हणजे तो पाऊस वरच्या थरातच जिरला होता आणि खोल मुळांना त्याचा फारसा लाभ झाला नव्हता. आम्ही ताण फक्त सहा दिवसांनी वाढवला आणि संक्रांतीच्या दिवशी आंबवणीचे पाणी सोडले. ते पाणी दिल्यावर प्रवाह एकदम पूर्ववत होत नाही, हेही तेव्हा दिसले. चिंबवणीनंतरही जुने शिखर गाठायला दहा दिवस लागले. पानगळीमुळे पानेच कमी झालेली असतात, नवी फूट येईपर्यंत ओढणार कोण?

वडिलांना मी हा आलेख दाखवला. त्यांनी तो बराच वेळ पाहिला, डिसेंबरचा तिसरा आठवडा बोटाने दाखवला आणि म्हणाले की त्या दिवसांत त्यांनी सकाळी पाने मुठीत दाबून पाहिली होती तेव्हाच ती "चामट" लागली होती. त्यांनी ते आम्हाला तेव्हा सांगितले नव्हते, कारण कोणी विचारले नव्हते. त्यामुळे यंत्राने पानांच्या आधी सांगितले हे माझे वरचे विधान, डोळ्यांनी पाहिलेल्या पानांपुरते खरे समजावे.

उन्हाळ्यातला उपयोग त्यामानाने साधा आहे. एप्रिलमध्ये आम्ही प्रत्येक झाडाला तासाला आठ लिटरची चार ठिबके दोन तास चालवत होतो, म्हणजे ६४ लिटर. यंत्राचा हिशेब, वर सांगितलेल्या सगळ्या अनिश्चिततेसह, दिवसाला वीस ते सव्वीस लिटरच्या दरम्यान घोटाळत होता. एवढ्यावरून पाणी एकदम निम्म्यावर आणणे हा मूर्खपणा ठरला असता, कारण जमिनीवरून होणारे बाष्पीभवन आणि निचरा यंत्राला दिसत नाही. आम्ही वेळ दीड तासावर आणली, म्हणजे ४८ लिटर, आणि दहा दिवस फक्त शिखराची वेळ पाहिली. ती हलली नाही. मग सव्वा तासावर आलो, तेव्हा सहाव्या दिवशी शिखर पाऊण तासाने अलीकडे सरकले. आम्ही लगेच दीड तासावर परतलो आणि जूनपर्यंत तिथेच राहिलो. कडक उन्हाच्या दिवसांत जमिनीत भरपूर ओल असतानाही दुपारी आलेख सपाट होतो, हे मात्र ध्यानात ठेवावे. लिंबूवर्गीय झाडे कोरड्या, तापलेल्या हवेत पर्णरंध्रे स्वतःहून आवळून घेतात. तो सपाटपणा पाहून दुपारी ठिबक सुरू करायला धावू नये.

देखभालीबद्दल थोडक्यात. सौर पॅनेल पावसाळ्यातल्या सलग ढगाळ आठवड्यात अपुरे पडले आणि चार दिवसांची नोंद गेली. त्यानंतर आम्ही १२ व्होल्टची जुनी बॅटरी जोडून ठेवली. खारींनी एक वायर कुरतडली, तेव्हापासून सगळ्या वायरी जाड पीव्हीसी नळीतून नेल्या आहेत. फोमच्या आत मुंग्यांनी घर केले होते. नोंदी मेमरी कार्डावर सुटसुटीत तक्त्यात मिळतात आणि कोणत्याही स्प्रेडशीटमध्ये उघडतात, ही या यंत्राची फार मोठी सोय आहे. कंपनीचे सॉफ्टवेअर विंडोजशिवाय चालत नाही, पण त्यावाचून अडतही नाही. पुरवठादाराने दूरध्वनीवर नेहमी उत्तर दिले, मात्र प्रत्येक उत्तर पुस्तिकेतलेच होते.

स्वस्त पर्यायांबद्दल विचारणा होते म्हणून लिहितो. फ्रान्सच्या ग्रानिए यांची १९८५ ची पद्धत दोन सुयांची असते, वरची सुई सतत तापलेली ठेवतात आणि दोन्ही सुयांमधला तापमानाचा फरक मोजतात. तिचे सुटे भाग स्वस्त असतात, हात चालणारा माणूस त्या सुया घरीही बनवू शकतो. पण सतत तापवायचे म्हणजे वीज जास्त लागते, आणि पाणी शून्य असतानाची नोंद दर रात्री मिळेलच असे गृहीत धरावे लागते. आपल्याकडे उन्हाळ्यात रात्रीही हवा कोरडी असते आणि झाड थोडे पाणी ओढतच राहते. अगदी मंद किंवा उलटा प्रवाह तिला नीट दिसत नाही, जो गुणोत्तर पद्धतीला दिसतो. त्याच्या उलट, फार वेगवान प्रवाहाला गुणोत्तर पद्धत कमी दाखवते, परंतु मोसंबीत तो प्रश्न आम्हाला आला नाही. आणि केवळ पाणी कधी द्यायचे एवढेच ठरवायचे असेल तर दोन खोलींवर बसवलेले साधे टेन्शिओमीटर (जमिनीतल्या ओलीचा अंदाज देणारी पाण्याने भरलेली नळी) या यंत्राच्या किमतीच्या अगदी छोट्या हिश्श्यात काम भागवते, हे मी आमच्या दोन भागीदारांसमोरही मान्य केले आहे. टेन्शिओमीटर ताणाच्या काळात मात्र निरुपयोगी ठरतो, कारण कोरड्या जमिनीत त्याच्या नळीतले पाणीच तुटते.

म्हणून एकट्या बागायतदाराने हे घ्यावे असे मी सांगणार नाही. गटशेती करणारे, शेतकरी उत्पादक कंपन्या, कृषी विज्ञान केंद्रे यांनी दोन-तीन यंत्रे घेऊन वेगवेगळ्या जमिनींत ताणापुरती फिरवावीत, आणि घेताना किमतीत जागेवर केलेली बसवणूक, दुसऱ्या पहाटेची शून्याची तपासणी व पात्यांचा एक जास्तीचा संच या तीन गोष्टी लेखी मागून घ्याव्यात. सुया एकाच जागी वर्षाहून जास्त ठेवू नयेत. जखमेभोवती साल चढत जाते, सुया लाकडात खोल गाडल्या जातात आणि आकडे हळूहळू उतरू लागतात, तेव्हा झाड आजारी आहे असा भलताच समज होतो.

आमच्या सुया जूनअखेर काढल्या. दोन सहज आल्या, तिसरीला पकडीने हळूहळू फिरवावे लागले. छिद्रांतून दोन दिवस पाणी पाझरले, डिंक आला नाही. बोर्डो पेस्ट भरून ती बुजवली आहेत आणि दर पंधरा दिवसांनी बघतो आहोत. यंत्र आता तिसऱ्या भागीदाराच्या मुरमाड जमिनीतल्या बागेत, न्यूसेलर या जातीच्या नऊ वर्षांच्या मोसंबीवर बसवले आहे. या वेळी घड्याळ भारतीय वेळेवर लावूनच डबा बंद केला, आणि पहिली पहाट कोरडी निघाल्यामुळे शून्याची तपासणी करायला पुढच्या झडीची वाट पाहतो आहोत.